केशराला बी नसते



रब्बीच्या तोंडावर आपल्या जेऊर भागात एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, आपल्या रानात केशर येईल का?" उजनीचे पाणी आले, ऊस झाला, केळी झाली, मग केशर का नको, असा हा सरळ विचार असतो. त्यातच मोबाइलवर कुणीतरी नारिंगी फुलांनी भरलेले रान दाखवतो, 'अमेरिकन केशर, एकरी लाखांचे उत्पन्न' असे सांगतो आणि बियाण्याचा भाव किलोला हजारांच्या आकड्यांत बोलतो.

प्रश्न विचारण्यात गैर काही नाही. नवे पीक करून पाहणारा शेतकरीच पुढे जातो. पण गाठीचे पैसे सोडण्यापूर्वी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. केशराला बी नसते.

केशराचे झाड वांझ आहे. त्याला फूल येते, पण बी धरत नाही. लागवड होते ती लसणाच्या गड्डीसारख्या दिसणाऱ्या कंदापासून. तेव्हा जो कोणी केशराचे 'बी' विकतो, तो दुसरेच काहीतरी विकतो. हे दुसरे काय, तर आपली करडई! गेल्या दहा-बारा वर्षांत 'अमेरिकन केशर' या नावाने महाराष्ट्रात ठिकठिकाणी जे पीक उभे राहिले, ते करडईचे होते. आपल्या तालुक्यातल्या एका घरी असे पांढरे टपोरे बी आले, तेव्हा घरातल्या म्हातारीने ते तळहातावर घेतले आणि म्हणाली, "अरे, ही तर करडई. हिची भाजी करून मी तुम्हाला वाढवलं!" पोरांनी मात्र तोवर पैसे मोजले होते.

पैसे जातात एवढ्यावर हे थांबत नाही. हंगाम जातो. ज्वारीचे रान अडकते. पाकळ्या तोडायला मजूर लावावे लागतात आणि शेवटी माल घेऊन बाजारात जावे तर केशर म्हणून कुणी तो घेत नाही. बी विकणारा 'माल आम्हीच उचलू' म्हणाला होता, त्याचा फोन लागत नाही.

आता खरे केशर कसे असते ते पाहू. काश्मीरात पुलवामा जिल्ह्यात पांपोर हे गाव आहे. तेथे पाच हजार फुटांहून अधिक उंचीवर 'करेवा' नावाची पठारे आहेत. पाण्याचा निचरा उत्तम, हिवाळ्यात बर्फ, उन्हाळा सौम्य. ऑगस्ट-सप्टेंबरात कंद लावतात. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत जांभळी फुले येतात. प्रत्येक फुलात लाल रंगाचे फक्त तीन तंतू. हेच केशर. पहाटे फुले खुडायची आणि घरातल्या सगळ्यांनी बसून तंतू वेगळे करायचे. एक किलो सुक्या केशराला सुमारे दीड लाख फुले लागतात. हेक्टरी उत्पादन जेमतेम दोन ते पाच किलो. त्याचा भाव लाखांच्या घरात का, हे यावरून कळेल.

आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, ऑक्टोबरची उष्णता सोसत नाही आणि काळ्या रानात परतीच्या पावसाचे पाणी साचते. अशा जमिनीत केशराचा कंद सडेल. बंद खोलीत यंत्राने थंडावा आणि ओलावा राखून महाराष्ट्रातही काही तरुणांनी केशराची फुले आणली आहेत. ते खरे केशर आहे. पण हिशेब करूनच त्यात उतरावे. दहा ग्रॅमच्या कंदाला एक-दोन फुले धरली, तर किलोभर केशरासाठी साडेसातशे ते दीड हजार किलो कंद लागतात. शिवाय खोली, यंत्रे आणि वीजबिल वेगळे. फूल वर्षातून एकदाच येते. पुढच्या वर्षी पुन्हा फूल यावे तर कंद मातीत लावून पोसावा लागतो, कारण लहान कंदाला फूल येत नाही. हा कारखान्यासारखा धंदा आहे. कर्ज काढून, नुसता मोबाइल पाहून करण्याचा नव्हे.

मग आपण काय करावे? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत झाली आहे. करडई हे आपल्या सोलापूरचे हक्काचे पीक. करडईचे संशोधन केंद्र सोलापुरातच आहे. आपल्या नदीचे नाव असलेला 'भीमा' हा वाण तेथलाच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले, आणि पाकळ्या तोडायच्या असतील तर बिनकाट्याचाच वाण घ्यावा. फूल कोमेजू लागल्यावर पाकळ्या काढल्या तर दाण्याच्या उत्पन्नात घट येत नाही. त्या सावलीत वाळवाव्यात. पूर्वी या पाकळ्यांपासून कापडाला कुसुंबी रंग देत. आज त्यांचा चहासारखा काढा करतात आणि खाद्यरंगातही त्या वापरतात. गरोदर बाईने मात्र वैद्याला विचारल्याशिवाय हा काढा घेऊ नये.

पाकळ्यांना गिऱ्हाईक आधी शोधावे, मग तोडणीला माणसे लावावीत. खरे उत्पन्न दाण्याचे आणि तेलाचे. जिरायत रानात सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पेरावे. एकरी चार-पाच किलो बी पुरते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, मुळे खोल जातात म्हणून ओल टिकवून धरणाऱ्या रानात पाण्याविना पीक निघते. ज्वारीभोवती काटेरी करडईचा पट्टा पेरला की जनावर आत शिरत नाही, हे जुन्या लोकांना ठाऊक आहेच.

आता भगिनींसाठी. कोजागिरीच्या दुधाला, श्रीखंडाला केशर आणायचे तर ते पारखून आणावे. एक ग्रॅम केशर म्हणजे दीडशे फुलांचे साडेचारशे तंतू. एवढे काम कुणी वीस-पंचवीस रुपयांत करून देईल का? स्वस्त दिसले की तेथेच थांबावे. भुकटी घेऊ नये, अखंड तंतू घ्यावेत. खऱ्या तंतूचे एक टोक तुतारीसारखे पसरट असते. करडईची पाकळी नळीसारखी असून तिच्या टोकाला पाच फाटे असतात. कोमट पाण्यात खरे केशर हळूहळू सोनेरी पिवळा रंग सोडते आणि तंतू लालच राहतो. पाणी लगेच लालभडक झाले आणि तंतू पांढरा पडला, तर तो रंगवलेला समजावा. चवीला केशर कडसर लागते, गोड लागले तर त्यात भेसळ आहे. कागदात दाबल्यावर तेलकट डाग पडला, तर वजनासाठी तेल लावले आहे.

थेट शेतकऱ्याकडून घेणे उत्तम, कारण त्याच्या घामाचा दाम त्यालाच मिळतो. सोलापुरी चादरीला आहे तसे भौगोलिक मानांकन काश्मिरी केशरालाही २०२० मध्ये मिळाले आहे. पांपोरजवळ दुस्सू येथील केंद्रात केशराची तपासणी व प्रतवारी होते. मानांकनाची खूण, हंगामाचे साल, अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक आणि पावती, या चार गोष्टी मागाव्यात. आधी एकच ग्रॅम मागवून वरील परीक्षा करावी. अर्धा लिटर दुधाला आठ-दहा तंतू पुरतात. ते थोड्या कोमट दुधात आधी भिजत घालावेत.

आणि दारात 'केशराचे बी' घेऊन कुणी आलाच, तर त्याच्याकडे लेबल व पक्की पावती मागा आणि बियाण्याचा नमुना तालुका कृषी अधिकाऱ्याच्या कचेरीत दाखवा. ज्यांनी आधीच पैसे दिले असतील त्यांनी पिशवी, लेबल आणि पावती जपून ठेवावी व लाजेखातर गप्प न बसता लेखी तक्रार करावी. एकाने तोंड उघडले तर शेजारची दहा घरे वाचतील.