फटका आणि विवेक

मेलबर्नच्या कसोटीत ३० डिसेंबर २०२४ रोजी भारतीय फलंदाजांनी चहापानानंतर जे केले, त्याला पराभवापेक्षा शरणागती हाच शब्द अधिक शोभेल. विजयासाठीच्या ३४० धावा आवाक्याबाहेर गेल्या होत्या. पण सामना अनिर्णित राखणे शक्य होते. यशस्वी जयस्वाल व ऋषभ पंत यांनी उपाहारानंतरचे संपूर्ण सत्र निर्धाराने खेळून काढले होते. अशा वेळी ट्रॅव्हिस हेड या कामचलाऊ फिरकी गोलंदाजाच्या आखूड चेंडूवर पंतला उंच फटक्याचा मोह आवरला नाही. तो सीमारेषेजवळ झेलबाद झाला आणि तीन बाद १२१ वरून संघ १५५ धावांत आटोपला. पहिल्या डावातही चेंडू मागे उडवण्याच्या नादात त्याने झेल दिला होता.

या फलंदाजाचा हाच नैसर्गिक खेळ आहे, असे समर्थन केले जाते. जानेवारी २०२१ मध्ये ब्रिस्बेनला ३२८ धावांचे आव्हान पेलताना पंतनेच नाबाद ८९ धावा केल्या, हे खरे. परंतु त्या खेळीस १३८ चेंडू लागले होते आणि तीत षटकार एकच होता. धाडसाला तेथे संयमाची जोड होती.

हा वाद जुनाच आहे. १९८४ मध्ये दिल्लीत पराभवाची छाया पसरली असता कपिल देव उंच फटका मारून बाद झाला. निवडसमितीने त्याला पुढील कलकत्ता कसोटीतून वगळले. १३१ कसोटींच्या कारकिर्दीत त्याला मुकावी लागलेली ती एकमेव कसोटी. त्याच कपिलने १९९० मध्ये लॉर्ड्सवर, फॉलोऑन टाळण्यास २४ धावा हव्या असताना, हेमिंग्जला लागोपाठ चार षटकार ठोकले. समोर अखेरचा फलंदाज हिरवानी होता आणि तो पुढे पहिल्याच चेंडूवर बाद झाला. वाट पाहण्यात तेथे खरोखरच अर्थ नव्हता.

तेव्हा आक्रमकतेला दोष देण्याचे कारण नाही. चेंडू, धावफलक, उरलेला वेळ आणि समोरचा साथीदार यांचा विचार करून मारलेला फटका फसला तरी क्षम्य ठरतो. विचारावाचून मारलेला फटका सीमापार गेला तरी चूकच. यशस्वी झालेल्या अविचाराला टाळ्या देणाऱ्या प्रेक्षकांनी व निवडसमितीने फसलेल्या अविचारावर संतापावे, हा न्याय नव्हे. हिशेब दोन्ही वेळी सारख्याच कठोरपणे मागितला, तरच मेलबर्नची पुनरावृत्ती टळेल.