कर्नलच्या सगळ्या चाचण्या पास, पण झाल्या किती? समजून घ्या एका ओळीचं महत्त्व

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. त्याचा कोड बिघडला आहे का, हे तपासण्यासाठी ‘केयुनिट’ ही चाचणी यंत्रणा वापरतात. गुगलच्या इंजिनीअर्सनी सुरू केलेलं हे काम जानेवारी २०२० मध्ये आलेल्या लिनक्स ५.५ पासून कर्नलचा भाग आहे. यातल्या कोडच्या बदलांवर बारीक चर्चा होते. कॉन्फिगरेशन फाइलमधली एखादी ओळ मात्र अनेकदा वरवर बघून मंजूर होते. ही सवय बदलायला हवी.

ही फाइल करते काय?

कोणते भाग आणि कोणत्या चाचण्या घेऊन कर्नल तयार करायचा, हे ‘कुनिटकॉन्फिग’ फाइलमध्ये लिहिलेलं असतं. पायथॉनमधली एक स्क्रिप्ट ती वाचते, कर्नल बिल्ड करते, चालवते आणि निकाल दाखवते. यासाठी वेगळं हार्डवेअर लागत नाही. लिनक्सच्या लॅपटॉपवरच कर्नल एखाद्या साध्या प्रोग्रामसारखा चालतो.

मग धोका कुठे?

ईएक्सटी-४ या फाइल सिस्टिमचं उदाहरण घ्या. ३२ बिटांत सेकंद मोजणारं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला संपतं. ईएक्सटी-४ जादा बिट वापरून तारखा २४४६ सालापर्यंत नेते. हे गणित बरोबर आहे का, हे केयुनिटची एक चाचणी तपासते. पण ईएक्सटी-४ चालू नसेल, तर ती चाचणी बिल्डमध्ये येतच नाही.

फाइलमध्ये चाचणीचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल, तर स्क्रिप्ट लगेच अडते आणि मागितलेला पर्याय मिळाला नाही, असं सांगते. पण ‘शक्य त्या सगळ्या चाचण्या चालवा’ असा एकच पर्याय दिला असेल, तर अट पूर्ण न होणारी चाचणी गुपचूप गळते. एरर येत नाही. उरलेल्या चाचण्या पास होतात आणि स्क्रीन हिरवीगार दिसते.

रिव्ह्यू करणाऱ्याने काय पाहावं?

पहिली गोष्ट म्हणजे आकडा. स्क्रिप्ट शेवटी किती चाचण्या चालल्या ते सांगते. बदलाआधीचा आणि नंतरचा आकडा शेजारी ठेवावा. तो घटला असेल, तर कारण पॅचच्या वर्णनात लिहायला लावावं. दुसरं, काढलेल्या ओळीवर कोणती चाचणी अवलंबून होती, ते शोधावं. तिसरं, महत्त्वाच्या चाचण्यांची नावं फाइलमध्ये स्पष्ट लिहावीत, म्हणजे गळती झाली तर स्क्रिप्टच ओरडेल.

फाइल आटोपशीर हवी, कारण चाचणी जलद झाली तरच लोक ती चालवतात, असं काहींचं म्हणणं असतं. ते खरंच आहे. वेळ वाचवण्यासाठी चाचणी वगळायलाही हरकत नाही. पण ती कोणी, का वगळली, हे नोंदलेलं असावं.

कर्नलमध्ये ‘रिव्ह्यूड-बाय’ या ओळीपुढे माणसाचं नाव लागतं आणि ते कायमच्या इतिहासात राहतं. बदल दोनशे ओळींचा असो वा एका ओळीचा, त्या सहीची जबाबदारी सारखीच. चाचण्यांचा आकडा पडताळायला जेमतेम काही मिनिटं लागतात; सही करण्याआधी तेवढी द्यायलाच हवीत.