श्वासाचा जमाखर्च

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास पोहोचते. सत्तरी ओलांडलेले वारकरी ही वाट भजन करीत चालतात. आणि त्यांना पाणी देण्यास उभ्या असलेल्या पंचविशीतील एखाद्या तरुणाला मात्र दोन पिंपे उचलताच धाप लागते. त्या धापेचे कारण पुष्कळदा त्याच्या खिशातच असते.

विडी-सिगारेटच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या तुलनेत २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. त्यामुळे स्नायूंना प्राणवायू अपुरा पडतो. निकोटीनमुळे नाडी विश्रांतीतही जलद राहते. मोठे आजार उतारवयात येतात. दम तुटणे मात्र विशीतच सुरू होते.

यावर अनेक तरुणांनी सोयीचा तोडगा काढला आहे : सकाळी प्राणायाम, सायंकाळी सिगारेट. प्राणायामाचे मोल निर्विवाद आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्यास, स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून त्याचा शास्त्रीय अभ्यास आरंभिला. संथ, दीर्घ श्वसनाने श्वसनाच्या स्नायूंना व्यायाम घडतो, चित्त स्थिरावते. परंतु फुप्फुसात साचलेले डांबर त्याने धुतले जात नाही. रोज दहा रुपये काढून एक रुपया भरणाऱ्याचे खाते कधी वाढते काय?

खर्च थांबविला, तर जमा मात्र त्वरेने दिसू लागते. धूम्रपान सोडल्यावर २० मिनिटांत नाडी उतरू लागते, सुमारे १२ तासांत रक्तातील कार्बन मोनॉक्साइड सामान्य पातळीवर येतो आणि २ ते १२ आठवड्यांत फुप्फुसांची कार्यक्षमता सुधारते.

श्वसनाचा खरा उपयोग येथेच आहे. तलफेची लाट काही मिनिटांतच ओसरते. कायोत्सर्गात नऊ वेळा णमोकार मंत्र सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणण्याची परंपरा आहे. संथपणे केल्यास त्यालाही तेवढाच अवधी लागतो. ती काही मिनिटे निभावली, की एक सिगारेट टळली.

वडीलधाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. रागावल्याने सवय सुटत नाही, ती केवळ दुकानामागे लपते. त्यापेक्षा मुलासह पहाटे चालावयास जावे आणि १८००-११-२३५६ हा शासनाचा निःशुल्क मदत क्रमांक त्याच्या हाती द्यावा. छातीत दुखत असेल किंवा खोकला हटत नसेल, तर प्रथम डॉक्टरांना दाखवावे. गल्ल्यातील तूट पुढील हंगामात भरून निघते. श्वासाची तूट वेळीच थांबवावी लागते.