दाखवणं वेगळं, शिकवणं वेगळं

महिला मंडळाची पुष्परचना स्पर्धा असली की ‘इकेबाना’ हा शब्द हमखास कानावर पडतो. पसरट भांडं, त्यात पिनहोल्डर, एक उंच फांदी, दोन फुलं, एखादं पान... झाला इकेबाना! हा शब्द आपल्याकडे इतका रुळलाय, की तो परका आहे हेही आता जाणवत नाही. पण मैत्रिणींनो, जपानमधल्या क्योतो शहरातल्या एका देवळात वाढलेली ही कला आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोचली कशी, याचा कधी विचार केलाय? कुणी आणली ती? आणि येताना तिचं वाटेत काय काय सांडलं?

हा प्रश्न फुलांपुरता नाही. आपली जुनी कला परक्या माणसांपुढे ठेवायची तर ती कशी ठेवायची, किती ठेवायची, हा पेच जपानला गेली दीडशे वर्षं सोडवावा लागतोय. आणि तो सोडवणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. म्हणूनच आज त्याविषयी बोलायचं आहे.

सुरुवात करू या सादायाक्कोपासून. पूर्ण नाव कावाकामी सादायाक्को, जन्म १८७१ चा. ती गेशा होती, म्हणजे नाच, गाणं, वादन यांचं लहानपणापासून कडक शिक्षण घेतलेली कलावती. तिचा नवरा ओतोजिरो नाटक कंपनी चालवायचा. जपानमध्ये १६२९ पासून बाईला काबुकीच्या रंगमंचावर बंदी होती. बाईची कामंही पुरुषच करत. १८९९ मध्ये ही कंपनी अमेरिकेला निघाली, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांना मात्र बाईच्या भूमिकेत बाईच हवी होती. झालं! सादायाक्को उभी राहिली. वाटेत कंपनीला पैशाने फसवलं गेलं, अन्नाची भ्रांत पडली, उपाशीपोटी नाटकं करावी लागली. पण बाई खचली नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात तिने लोकांना वेड लावलं. तिच्या नावाचे किमोनो पॅरिसच्या बाजारात विकले जाऊ लागले. मायदेशी परतल्यावर १९०८ मध्ये तिने नट्यांना शिकवणारी शाळा काढली.

केवढी मोठी गोष्ट! पण हिची दुसरी बाजूही आहे. पॅरिसमधला त्यांचा खेळ लोई फुलर या नर्तकीच्या नाट्यगृहात होत असे. तिचा आग्रह असा, की नाटकात हाराकिरी हवीच, म्हणजे पोट फाडून घेऊन मरण्याचा प्रसंग. गोष्टीत तो असो वा नसो, लोकांना तो बघायचाय ना! मग तो घातला गेला. प्रेक्षकांना जपानी भाषा कळत नव्हती, म्हणून संवाद कापले, नाच आणि मारामाऱ्या वाढवल्या. टाळ्या भरपूर मिळाल्या. पण लोकांनी पाहिला तो जपान किती होता आणि त्यांच्या मनातलं जपानचं चित्र किती?

दाखवण्याच्या कलेचं हे असं असतं. तिकीट काढून आलेला माणूस खुर्चीत बसून म्हणतो, ‘मला हे दाखव.’ कलावंताला पोट असतं. त्याला दाखवावं लागतं.

आता दुसरा रस्ता बघू या. १९४५ मध्ये जपान युद्ध हरला. हिरोशिमा आणि नागासाकी बेचिराख झाली होती, टोकियोची राखरांगोळी झाली होती, देशावर परक्या फौजेचा अंमल होता. त्या फौजेतल्या अधिकाऱ्यांच्या बायका जपानमध्ये राहायला आल्या. आणि काय झालं? जिंकलेल्या देशाच्या या बायका हरलेल्या देशाच्या गुरूंपुढे विद्यार्थिनी म्हणून बसल्या. हातात कात्री, समोर फांदी.

त्यांच्यापैकीच एक एलन गॉर्डन अॅलन. या अमेरिकी जनरलच्या पत्नी. ओहारा घराण्याचा इकेबाना त्या शिकल्या. वेगवेगळ्या घराण्यांना एकत्र बांधणारी ‘इकेबाना इंटरनॅशनल’ ही संस्था त्यांनी १९५६ मध्ये टोकियोत काढली. ‘फुलांतून मैत्री’ हे तिचं ब्रीद. आज जगभर तिच्या शाखा आहेत. आपल्या देशात दिल्ली, मुंबई, चेन्नईला आहेत. या शाखा चालवणाऱ्या बहुतेक बायकाच.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घेण्याजोगी आहे. इकेबाना नुसता बघायला पाठवला गेला नाही, तो शिकवला गेला. आणि शिकवायचं म्हटलं की नियम आले. सोगेत्सु घराण्याचं अगदी पहिलं पाठ घ्या. मुख्य फांदी म्हणजे ‘शिन’. तिची लांबी भांड्याच्या रुंदी आणि उंचीच्या बेरजेच्या दीडपट. दुसरी ‘सोए’, ती शिनच्या पाऊणपट. तिसरी ‘हिकाए’, ती सोएच्या पाऊणपट. पहिली सरळ उभ्या रेषेपासून १५ अंश झुकलेली, दुसरी ४५, तिसरी ७५. देठ कापायचा तो पाण्याखाली धरून, म्हणजे देठात हवा शिरत नाही आणि फूल जास्त टिकतं. फांद्यांच्या मधली मोकळी जागाही रचनेचाच भाग, ती भरून टाकायची नाही.

गंमत म्हणजे १९२७ मध्ये हे घराणं सुरू करणारे सोफू तेशिगाहारा मोठे बंडखोर होते. इकेबाना कुणीही, कुठेही, कधीही आणि कुठल्याही वस्तूने करावा, असं ते म्हणत. लोखंडाचे तुकडे, वाळलेली मुळं, काहीही. म्हणजे बघा, ब्राझीलच्या बाईने ब्राझीलच्या फांद्या घ्याव्या, भारतातलीने जास्वंद घ्यावी, चालेल. पण आधी ते अंश आणि ती पाऊणपट हातात बसली पाहिजे. साहित्य तुझं, शिस्त आमची! फुलं त्या त्या देशाची राहिली आणि कला मात्र जपानीच राहिली, ती या शिस्तीमुळे.

चहाचंही तसंच. आपला चहा म्हणजे दोन मिनिटांची उकळी आणि चार मिनिटांच्या गप्पा. जपानचा ‘चानोयु’ म्हणजे हिरव्या चहाची पूड, गरम पाणी, बांबूची इवलीशी रवी आणि तासन् तास चालणारा सोहळा. वाडगा कसा उचलायचा, किती फिरवायचा, पाहुण्याने काय बोलायचं, सगळं ठरलेलं. या कलेला घडवणारे सेन नो रिक्यू सोळाव्या शतकातले. त्यांच्याच वंशातल्या उरासेन्के घराण्याचे पंधरावे प्रमुख सेन गेन्शित्सु. जन्म १९२३. तरुणपणी ते नौदलाच्या आत्मघातकी विमानपथकात भरती झाले होते. निघण्याची वाट पाहणाऱ्या सोबत्यांना त्यांनी चहा करून दिला. त्यातले कितीतरी परत आले नाहीत. हे मात्र वाचले. १९५१ मध्ये ते अमेरिकेत गेले, ज्या देशाशी लढून मरायचं होतं त्याच देशात, चहा शिकवायला. ‘एका वाडग्यातून शांती’ हेच त्यांचं सांगणं होतं. पुढे ते साठाहून अधिक देशांत फिरले. २०११ मध्ये पर्ल हार्बरला, जपानी हल्ल्यात बुडालेल्या अॅरिझोना युद्धनौकेच्या स्मारकावर त्यांनी चहा अर्पण केला. २०२५ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी ते गेले.

तुम्ही म्हणाल, चहाने कुठे युद्धं थांबतात! नाही थांबत, खरंय. पण ज्याच्याकडून आपण काही शिकलो, त्याच्याकडे शत्रू म्हणून बघणं जड जातं, हे तर आपण घरातही अनुभवतो. सासूकडून एखादा पदार्थ मनापासून शिकलेल्या सुनेला विचारा!

आता जरा अवघड जागी येऊ. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात मोने या फ्रेंच चित्रकाराचं १८७६ मधलं एक चित्र आहे. त्याची बायको लालभडक किमोनो घालून, हातात पंखा घेऊन उभी आहे. २०१५ मध्ये संग्रहालयाने तसाच किमोनो प्रेक्षकांना अंगावर चढवून फोटो काढायला दिला. तो शिवून घेतला होता जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने, आणि जपानमध्ये लोकांनी तो हौसेने घालूनही पाहिला होता. पण बोस्टनमध्ये काही तरुण आशियाई-अमेरिकी मुलामुलींनी निदर्शनं केली. आमची संस्कृती म्हणजे तुमच्या मौजेचा पोशाख नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांच्या समोर, स्वतःचे किमोनो नेसून, काही जपानी बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटत होतं, लोकांनी घालावा किमोनो, आवडू दे त्यांना! शेवटी संग्रहालयाने अंगावर चढवणं बंद केलं, हात लावून बघायची तेवढी मुभा ठेवली.

खरं कुणाचं? मला दोन्हीकडची तळमळ कळते. परक्या देशात चेहऱ्यावरून चेष्टा सोसलेल्या मुलीला तो पोशाख खेळणं झालेला बघवत नाही. आणि ज्या बाईने आयुष्यभर किमोनो जपला, तिला तो कुणीच घालेनासा होईल याची धास्ती वाटते. पण माझ्या मते घोटाळा किमोनो घालायला देण्यात नव्हता. तो कुणी विणला, कसा नेसतात, कधी नेसतात, ओबी म्हणजे तो पट्टा कसा बांधतात, हे जाणत्या हाताने शिकवलं गेलं असतं, तर त्याच पाच मिनिटांना वेगळं मोल आलं असतं. 

आणि घेणाऱ्याने मर्यादा ओलांडली तर ‘नाही’ म्हणायलाही यायला हवं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या किम कार्दाशियनने आपल्या अंतर्वस्त्रांच्या मालिकेला ‘किमोनो’ नाव दिलं आणि त्यावर व्यापारी हक्क मागितला. जपानमध्ये संताप उसळला. क्योतोच्या महापौरांनी तिला सभ्य भाषेत पत्र लिहिलं, की हे नाव कुणा एकाच्या मालकीचं होऊ नये. तिने नाव बदललं. सगळ्यांना द्यायचं, पण कुणाला बळकावू द्यायचं नाही, हेही जपाननेच दाखवून दिलं.

या शिस्तीचा जाच नाही असं नाही. घराण्याच्या प्रमुखाला ‘इएमोतो’ म्हणतात आणि त्याचा शब्द अखेरचा. प्रत्येक पायरीला प्रमाणपत्र, प्रत्येक प्रमाणपत्राला पैसे. वरच्या पायऱ्या खिशाला परवडत नाहीत. गंमत बघा, या कला कित्येक शतकं पुरुषांच्याच हाती होत्या. मेजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, त्या मुलींच्या शाळांत आल्या, त्याही ‘चांगली गृहिणी घडावी’ म्हणून. पण बायकांनी त्यातूनही वाट काढली. शिकवण्याचा परवाना मिळाला की घरबसल्या शिकवण्या घेता येत, स्वतःची कमाई होई, गावात ‘सेन्सेई’ म्हणजे गुरुजी म्हणून मान मिळे. आज सर्वात जुन्या इकेनोबो घराण्याच्या गादीची वारस म्हणून ४५ व्या प्रमुखांच्या कन्येचं नाव जाहीर झालेलं आहे. पाच शतकांहून जुन्या परंपरेत हे पहिल्यांदा घडतंय.

आणि दुसरीकडे, घरची ओढ आटतेय. जपानच्या आजच्या मुलींना नोकरी आहे, धावपळ आहे, तास न् तास गुडघ्यांवर बसायला वेळ नाही. आजीचा किमोनो कपाटात पडून असतो. अशा वेळी परदेशातली एखादी बाई वीस वर्षं नेमाने शिकून गुरू होते, तेव्हा कला कुणाची म्हणायची? मी म्हणेन, जिने शिस्त स्वीकारली तिची. मात्र तिने गुरूचं नाव सांगितलं पाहिजे आणि कला कुठून आली हे विसरता कामा नये.

आपल्या महाराष्ट्रातही या देवाणघेवाणीची एक खूण आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे ना, तेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा शहरातल्या, १७०० साली पुऱ्या झालेल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलं आहे. वळणाची वाट, पाणी, दगड, मधली मोकळी हिरवळ. गेलात तर फोटोआधी थोडं थांबून बघा, मोकळी जागा किती आणि का सोडलीय ते. इकेबानातल्या फांद्यांमध्ये जी जागा असते, तीच इथे.

जपानकडून घ्यायचं ते हे. कला नुसती दाखवली, तर ती बघणाऱ्याच्या हौसेप्रमाणे वाकते. ती शिकवली, तर शिकणाऱ्याला थोडं वाकावं लागतं आणि कला ताठ राहते. तुमच्यापैकी कुणाकडे अशी एखादी विद्या असेल आणि कुणी म्हणालं, ‘पाच मिनिटांत दाखवा ना’, तर जरूर दाखवा. पण पुढे हेही म्हणा, ‘आवडलं असेल तर उद्यापासून शिकायला या. वेळेवर या, आणि फी आणा.’