निशिगंध : आठ दिवसांचा पाहुणा

आपल्याकडील शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी एक फूल डोळ्यांनी न पाहताच पाठ केले आहे. ते फूल म्हणजे डॅफोडिल. वर्ड्‌स्वर्थने आपली बहीण डोरोथी हिच्यासमवेत १८०२ च्या एप्रिलमध्ये अल्सवॉटर सरोवराच्या काठी ही पिवळी फुले पाहिली. त्यांवरील कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे आपल्या पाठ्यपुस्तकांतही आली. परंतु डॅफोडिलच्या कंदाला फुलण्यासाठी कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, आणि ती भोपाळच्या हिवाळ्यात नाही. त्याच कुळातील नरगिस काश्मिरात फुलते. तेथे तिला येंबरझल म्हणतात. भोपाळसारख्या उर्दूच्या शहरात नरगिस हे नाव सर्वांच्या कानांवरचे आहे, मात्र ते गझलेतील नेत्रांची उपमा म्हणून. फुलदाणीतील फूल म्हणून नव्हे.

आपल्या साकेत नगरातील घरी फुलदाणीत येते ती गुलछडी, म्हणजेच निशिगंध. फुलवाल्याच्या बादलीत ग्लॅडिओलसशेजारी हिचे उंच दांडे उभे असतात. फुलवाला हिला रजनीगंधा म्हणतो आणि आपली मुलेही आता तेच म्हणतात. त्यात वावगे काही नाही. मूळची मेक्सिकोची ही वनस्पती युरोपीयांच्या हातून आपल्या देशात आली आणि प्रत्येक प्रांताने तिला आपले नाव दिले. कानडीत ती सुगंधराज झाली, उर्दूत गुलशब्बो, मराठीत गुलछडी आणि निशिगंध. आपल्याच मध्य प्रदेशातील भानपुरा येथे जन्मलेल्या मन्नू भंडारी यांच्या ‘यही सच है’ या कथेवर बासू चटर्जी यांनी १९७४ मध्ये जो चित्रपट काढला, त्याचे नावही ‘रजनीगंधा’. त्यातील नायक नायिकेसाठी हीच फुले घेऊन येतो. मुलांनी रजनीगंधा अवश्य म्हणावे. मात्र आजी जिला गुलछडी म्हणते ती हीच, एवढे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

फुलदाणी ही आपल्या घरांत तशी नवीच. आपल्याकडे फूल असे ते देवासाठी, गजऱ्या-वेणीसाठी किंवा हारासाठी. देवाला वाहावयाचे फूल हुंगू नये, हा दंडक आपल्या आज्यांनी पाळला. देवाचे फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते, गजरा रात्रीतच कोमेजतो. त्यांच्याकडून कोणी अधिक अपेक्षाही करीत नाही. दांड्यावरच्या फुलाचे तसे नाही. ते कापले गेले तरी जिवंत असते. पाणी ओढते, श्वसन करते आणि खालून वर एकेक कळी उमलवीत जाते. योग्य निगा राखली तर निशिगंधाचा दांडा सुमारे आठवडाभर फुलत राहतो. पुष्कळ घरांत मात्र तो तिसऱ्याच दिवशी मान टाकतो आणि अर्ध्या कळ्या मिटलेल्याच कचऱ्यात जातात. शेतकऱ्याने कंद लावून, महिनोन्‌महिने पाणी देऊन वाढवलेला तो दांडा असतो.

प्रथम निवडीविषयी. निशिगंधाचे एकेरी व दुहेरी असे दोन मुख्य प्रकार. एकेरीचा सुगंध अधिक. ती हार-वेणीसाठी व अत्तरासाठी. दुहेरीच्या पाकळ्या दाट, दांडा भक्कम; ती फुलदाणीला शोभते. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेल्या वाणांत ‘शृंगार’ व ‘प्रज्वल’ हे एकेरी, ‘सुवासिनी’ हे दुहेरी, तर ‘वैभव’ हे अर्धदुहेरी आहे. दांडा घेताना तळाची एक-दोन फुले उमललेली व वरच्या कळ्या टपोऱ्या असाव्यात. सारीच फुले उमललेला दांडा बादलीत अधिक साजरा दिसतो, परंतु त्याचे आयुष्य तेथेच सरलेले असते. दांड्याचे टोक बुळबुळीत किंवा काळपट असेल तर तो शिळा समजावा.

घरी आणल्यावर पहिले काम म्हणजे टोक पुन्हा कापणे. कापलेल्या टोकातून हवा आत शिरते व पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या अडतात; शिवाय जुन्या पाण्यातील सूक्ष्म जंतू त्यांची तोंडे बुजवतात. म्हणून धारदार सुरीने सुमारे दोन सेंटिमीटर भाग तिरपा कापावा. शक्य तर तो पाण्यात बुडवूनच कापावा. कात्री बोथट असेल तर दांडा चेचला जातो. पाण्याखाली जाणारी पाने काढून टाकावीत, कारण तीच आधी कुजतात. पाण्यात साखर घालण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. परंतु नुसती साखर फुलांइतकीच जंतूंनाही पोसते. एक लिटर पाण्यात एक चमचा साखर, थोडा लिंबाचा रस आणि ब्लीचचे दोन-चार थेंब, असे तिन्ही एकत्र असावे. हे जमत नसेल तर रोज स्वच्छ पाणी बदलणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. एक दिवसाआड टोक पुन्हा थोडे कापावे, फुलदाणी आतून घासावी आणि खालची कोमेजलेली फुले खुडावीत.

जागेचा विचारही हवा. कडक ऊन, पंख्याचा झोत व कूलरची थेट हवा ही तिन्ही टाळावीत. मे महिन्यात घरात आंब्याची अढी घातली असेल तर फुले त्या खोलीत ठेवू नयेत. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन वायू निघतो व त्याने अनेक फुले लवकर कोमेजतात. निशिगंधाचा गंध रात्री वाढतो, कारण निशाचर पतंगांना बोलावणे हे त्याचे काम. बंद शयनगृहात तो काहींना डोकेदुखी आणतो, तेव्हा त्याचे स्थान बैठकीत.

मांडणीसाठी महागडे पात्र लागत नाही. अरुंद गळ्याचा पितळी तांब्या, लोणच्याची रिकामी बरणी, काचेची उंच बाटली, काहीही चालते. दांड्याची उंची पात्राच्या दीडपट ते दुप्पट असावी, म्हणजे ते कलंडत नाही. तीन किंवा पाच दांडे मोकळे उभे करावेत. जुडीच्या जुडी कोंबल्यास फुले एकमेकांना घासून तपकिरी पडतात. सत्कारात मिळालेला गुच्छ बहुधा प्लास्टिकमध्येच मेजावर पडून राहतो. घरी येताच त्याचे वेष्टन व रबर काढून प्रत्येक दांडा पाण्यात उभा करावा; दोन दिवसांचे फूल पाच दिवस टिकते.

नरगिस किंवा डॅफोडिल कधी हाती आलीच, तर एवढे लक्षात असू द्यावे. त्यांच्या दांड्यातून चिकट रस पाझरतो व तो गुलाबादी इतर फुलांना बाधतो. म्हणून ती रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवावीत आणि नंतर पुन्हा न कापता इतरांत मिसळावीत. त्या रसाने काहींच्या त्वचेला खाजही सुटते. त्यांचा कंद कांद्यासारखा दिसतो पण विषारी असतो. तो स्वयंपाकघरात कदापि ठेवू नये.

या साऱ्याला रोज पाच मिनिटे पुरतात. हे काम घरातील एखाद्या शाळकरी मुलावर सोपवावे. सकाळी पाणी बदलताना काल मिटलेली कोणती कळी आज उमलली, हे त्याला आपोआप दिसेल; आणि दांडा सरल्यावर तो तुळशीच्या किंवा कुंडीतल्या एखाद्या झाडाच्या मातीत घालावा, हेही त्यालाच सांगावे.