पडता भाव आणि भाऊबीज

जुने घर विकायला निघाले की माणसे आधी भिंतींबद्दल गहिवरून बोलतात आणि मग बहिणीला घेऊन तालुक्याला जातात. तेथे दुय्यम निबंधकाची कचेरी असते आणि तिच्यात हक्कसोडपत्र होते. वडिलोपार्जित घरातला बहिणीचा हक्क महाराष्ट्रात पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर मावतो. साऱ्या घरव्यवहारात याहून स्वस्त काही नाही.

सणासुदीला असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण या सह्या ठरतात कधी? याच चार दिवसांत. ओवाळून झालेले असते, ताटात साडी पडलेली असते, आणि चकली मोडता मोडता धाकटा भाऊ सहज म्हणतो, "अक्का, घराला आता पूर्वीचा भाव राहिला नाही. तुझी एक सही लागेल."

यातले पहिले वाक्य खरे आहे. गावठाणातल्या जुन्या घराला गिऱ्हाईक नाही. बोळात मोटार वळत नाही, मातीच्या भिंतींवर बँक कर्ज द्यायला नाखूश, उताऱ्यावर मेलेल्या चुलत्यांची नावे तशीच. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हापासून रोखीने घेणाराही आखडला. बरे, भाव होता तेव्हा अक्का "विकून टाका" म्हणतच होती, भाऊ म्हणाले, "थांब, आणखी चढेल."

पण भाव पडला, या वाक्यातून "तू सही कर" हे वाक्य निघते कसे? मी शाळामास्तर आहे, गणित घालतो. घर साठ लाखांचे, वारस तीन. प्रत्येकी वीस लाख. भाव छत्तीस लाखांवर आला. आता प्रत्येकी बारा. चौथीतले पोरही येथवर येते. पुढे बहिणीने हक्क सोडला की दोघा भावांना अठरा-अठरा मिळतात. म्हणजे चोवीस लाखांच्या तोट्यातले भावांनी सोसले दोन-दोन, आणि जिला "आपले सगळ्यांचेच नुकसान झाले गं" म्हणून समजावले, तिने एकटीने सोसले वीस!

कायदाही या घराच्या उंबऱ्याशी पुष्कळ वर्षे अडला होता. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा दिला. पण कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी तिला मागता येत नसे. पुरुष वारस वाटणी करायची ठरवीत नाहीत तोवर तिने थांबावे, असे कलम २३ सांगे. ते कलम २००५ साली काढले, आणि त्याच दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला. (महाराष्ट्राने हे पाऊल १९९४ सालीच टाकले होते; फक्त आधी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवून.) २००५ साली वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. इतक्या वर्षांत मिळालेले हे सारे एका फराळाच्या ताटाशी परत जाते.

"आईला आम्ही सांभाळले" हा भावांचा एकच मुद्दा मला मान्य आहे. सांभाळले असेल तर दवाखान्याच्या पावत्या काढा, कौले शाकारल्याचा खर्च काढा, घरपट्टी काढा. ती रक्कम आधी वजा करून उरलेल्याचे तीन भाग करा. पण पावत्या कोणी काढीत नाही. पावत्यांची बेरीज बहुधा बारा लाखांना पोचत नसते! आणि "तिच्या लग्नात दिले" म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या शिक्षणाचा हिशेबही त्याच वहीत लिहावा.

यात मी धुतल्या तांदळासारखा आहे असे नाही. गेल्या वर्षी अशाच एका पत्रावर मी साक्षीदार होतो. बाई माझ्याच वर्गात शिकलेली. अंगठ्याला शाई लावण्याआधी तिने माझ्याकडे पाहून विचारले, "गुरुजी, करू ना?" मी मान हलवली. सकाळचा चहा तिच्या भावाकडे झाला होता.

यंदा दोन घरांतून साक्षीचे निरोप आले आहेत. दोघांनाही कळवले आहे, की येईन. पण वरचे गणित आधी बहिणीसमोर पाटीवर सोडवीन, आणि मगच पेनाचे टोपण काढीन. अजून कोणाचे उत्तर नाही.