ओळख आधी, औषध मागून

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० सालच्या साथीपासून, आपल्या शहरांतील सुशिक्षित वर्गाची दृष्टी झाडपाल्याच्या औषधांकडे पुनः वळली आहे. ज्या घरांत गुळवेलीचे नाव केवळ आजीच्या तोंडी उरले होते, त्या घरांच्या गच्चीवर आज तिचे वेल चढलेले दिसतात. औषधी वनस्पती ओळखणे, लावणे व वापरणे शिकविणारे वर्ग ठिकठिकाणी भरू लागले आहेत. ही गोष्ट इष्ट आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु इष्ट गोष्टही उलट्या क्रमाने केली असता अनिष्ट होते. कोणत्या रोगावर कोणता पाला, हे लोकांस आधी हवे असते. तो पाला नेमका कोणता, हा प्रश्न मागे राहतो. हा क्रम उलटा करावा, आणि त्याचा आरंभ घणसोलीसारख्या गावाने करावा, हे आजच्या लेखात आम्हांस सुचवावयाचे आहे.

घणसोलीचे नाव आम्ही घेतो, त्यास कारण आहे. ठाणे खाडीच्या पूर्व काठी वसलेले हे आगरी व कोळी लोकांचे जुने गाव. पश्चिमेस खाडी व तिवरांचे रान, पूर्वेस गवळीदेवाचा डोंगर, आणि मधल्या सखल जमिनीत भातशेती, अशी त्याची मूळची रचना होती. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने आले. १९७० साली सिडकोची स्थापना होऊन ठाणे, पनवेल व उरण या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या नगरासाठी घेण्यात आल्या. १९९२ साली महानगरपालिका झाली. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी या टापूतील शेतकऱ्यांनी जो लढा दिला, त्यात १९८४ च्या जानेवारीत पाच जणांनी प्राण दिले, आणि साडेबारा टक्के भूखंडांचा हक्क पुढे मिळविला गेला, हे वाचकांस विदित आहेच. परंतु शेत गेले तेव्हा बांधही गेला, आणि बांधावरच्या वनस्पतींशी असलेली नित्याची ओळखही गेली. तिचा मोबदला कोणत्याही कागदात लिहिलेला नाही. ज्या बायांनी लहानपणी चिखलात उभे राहून भाताची लावणी केली, त्यांस टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी ही पानावरून ओळखता येतात. त्यांच्या नातवंडांस ती भाजीच्या जुडीतही ओळखू येत नाहीत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी हे विचारावयाचे कोणास?

ही ओळख म्हणजे केवळ कौतुकाची वस्तू नव्हे. ती जीवाशी संबंध असलेली विद्या आहे. शेवळाचे उदाहरण घ्या. पावसाच्या आरंभी जमिनीतून वर येणारा हा कोंब ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या बाजारांत आदिवासी बायका जुड्या बांधून विकतात. त्यात घसा खाजविणारे सूक्ष्म स्फटिक असतात; म्हणून त्यात काकडाची आंबट फळे अथवा चिंच घालतात, आणि आतील कोणता भाग काढून टाकावयाचा हेही ठरलेले असते. हे ज्ञान एकाही पदवीधराने दिलेले नाही. पिढ्यानपिढ्या खाऊन, भोगून व पारखून ते सिद्ध झालेले आहे. याउलट, आपल्या रस्त्यांच्या कडेस सहज वाढणाऱ्या झाडांकडे पाहा. १९४० च्या औषधविषयक कायद्याखाली जे नियम झाले, त्यांच्या 'ई-१' अनुसूचीत आयुर्वेदीय औषधांतील विषारी द्रव्यांची यादी आहे. तीत रुई, धोतरा, कण्हेर, गुंज व कळलावी ही नावे आहेत. हे सारे आपल्या कुंपणांवर, उकिरड्यांवर व डोंगरउतारांवर वाढते. कळलावीचे फूल पाहून मन मोहित होते, पण तिचा कंद पोटात गेल्यास प्राणावर बेतते. 'झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसला?' असे म्हणणाऱ्या गृहस्थांनी ही यादी एकदा अवश्य वाचावी.

चुकीच्या ओळखीने काय होते, याची उदाहरणे दूर शोधावयास नकोत. २०२० सालच्या सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे असे सहा रुग्ण आले की, ज्यांच्या यकृतास इजा झाली होती आणि ज्यांनी गुळवेलीचे सेवन केले होते. २०२१ साली हा वृत्तांत प्रसिद्ध होताच मोठा वाद माजला. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती हे तपासलेले नाही, आणि तिच्याच कुळातील दुसरी जात तिच्या नावाने घेतली गेली असणे शक्य आहे, असे केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने प्रतिपादिले. या वादात कोणाचा पक्ष बरोबर, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आमचे म्हणणे इतकेच की, दोन्ही पक्षांपैकी कोणताही खरा धरला तरी बोध एकच निघतो. गुळवेल निर्दोष असेल, तर लोकांस ती ओळखता आली नाही. ती सदोष असेल, तर लोकांनी ती प्रमाण न पाहता घेतली.

असाच, किंबहुना अधिक भयंकर, प्रकार बेल्जमच्या राजधानीत घडला. ब्रुसेल्स येथील एका चिकित्सालयात लठ्ठपणा कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींची औषधे देत असत. १९९० नंतर त्यांत एका वनस्पतीऐवजी साधारण तेच नाव धारण करणारी दुसरीच वनस्पती मिसळली गेली. परिणामी सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि त्यांपैकी कित्येकींस पुढे कर्करोगही जडला. ती दुसरी वनस्पती ज्या कुळातील, त्याच कुळातील सापसंद आपल्या रानांत वाढते व सर्पदंशावरचे मूळ म्हणून वापरली जाते, आणि तेच विषारी अम्ल तिच्यातही आहे. एका नावाखाली दोन वस्तू असणे हा व्यापारात तोट्याचा विषय होतो. औषधात तो जीविताचा विषय होतो.

आणि नावांचा हा घोटाळा आपल्याकडे काय थोडा आहे? 'ब्राह्मी' म्हटले की कोणी पाणथळ जागी पसरणारी गोल पानांची वनस्पती दाखवितो, तर कोणी जाड, बारीक पानांची व निराळ्याच कुळातील. 'शंखपुष्पी' या एका नावाने तीन-चार वनस्पती विकल्या जातात. अशोकाची कथा तर नव्या मुंबईच्या प्रत्येक रहिवाशाने ऐकण्यासारखी आहे. सोसायट्यांच्या भिंतीशी सरळ उंच उभे राहणारे जे झाड आपण अशोक म्हणून ओळखतो, तो आयुर्वेदाचा अशोक नव्हेच. खऱ्या सीताअशोकास केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात; स्त्रीरोगांवर त्याची साल वापरतात, आणि बाजारात तिच्यात दुसऱ्या झाडांची साल मिसळली जाते. आपल्या वाचकांपैकी जे काष्ठौषधींचा व्यापार करतात, त्यांस आमची विनंती आहे की, त्यांनी या प्रश्नाकडे ग्राहकाच्या दृष्टीनेही पाहावे. तराजू खरा असला म्हणजे दुकानदाराचे कर्तव्य संपत नाही; पारड्यात काय पडते तेही खरे असावे लागते. ओळख जाणणारा ग्राहक हा प्रामाणिक व्यापाऱ्याचा शत्रू नसून त्याचा आधार होय.

आता आपल्या समाजातील एका जुन्या समजुतीविषयी स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. औषध दुसऱ्यास सांगितले की त्याचा गुण जातो, असे आपल्याकडे पुष्कळ लोक मानतात. या समजुतीने जितके ज्ञान मातीत गेले, तितके ते परकीयांनी नेले नसेल. जाणत्याने मुळी सांगावयाची नाही, मुलास ती शिकण्याची इच्छा नाही, आणि म्हातारा गेला की मुळीही गेली! शिवाय जे गुप्त आहे ते तपासता येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यातील खरे कोणते व खोटे कोणते, हे त्या जाणत्यासही कळत नाही. विद्या सांगितल्याने गुण जात नाही. जातो तो एकट्याचा अधिकार.

ज्यांनी हा अधिकार सोडून विद्या लोकांपुढे मांडली, त्यांच्याच श्रमांवर आज आपण उभे आहोत. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधिविषयक संवादग्रंथात, हाक मारताच झाडपाला आणून दाखविणारी अँतोनिया नावाची दासी आहे. ग्रंथावर नाव वैद्याचे. वस्तू ओळखून हाती देणारी मात्र ती. ग्रँट मेडिकल कॉलेजातील डॉ. सखाराम अर्जुन यांनी १८७९ साली मुंबईच्या बाजारातील औषधांची सूची प्रसिद्ध केली, आणि १८८३ साली निघालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांतही ते होते. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचा, बसू यांच्यासह सिद्ध झालेला, हिंदी औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १९१८ साली निघाला. डॉ. वामन गणेश देसाई यांनी तर १९२७ साली 'ओषधीसंग्रह' मराठीतच लिहिला. हे लोक शिकलेले होते म्हणून मोठे नव्हेत. बाजारात व रानात जाऊन त्यांनी वस्तू प्रत्यक्ष पाहिली, तिचे नाव निश्चित केले आणि ते सर्वांस सांगितले, यात त्यांचा मोठेपणा आहे.

या मार्गाने काय साधते, हेही मुंबईनेच दाखविले आहे. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे पुरातन काळापासून वापरात होते. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर त्याचा पद्धतशीर अनुभव घेऊन १९४९ साली तो एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळीतील मुख्य द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि सर्व जगाचे लक्ष तिच्याकडे लागले. पण त्याचबरोबर रानोमाळची सर्पगंधा इतकी उपटली गेली की, १९९० साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. म्हणून आमचे दुसरे म्हणणे असे की, ओळखीच्या पाठोपाठ लागवड शिकविली पाहिजे. ओळख शिकविली व लागवड शिकविली नाही, तर गवळीदेवाच्या डोंगरावर शोधक कमी आणि उपटणारे अधिक जातील.

लागवडीतही विवेक हवा. घणसोलीच्या एका बाजूस कारखान्यांचा पट्टा आहे व दुसऱ्या बाजूस अहोरात्र वाहनांची रहदारी. वनस्पती जमिनीतील शिसे व कॅडमियम यांसारखे विषारी धातू शोषून घेतात. म्हणून रस्त्याकडेचा अथवा गटाराकाठचा पाला औषधास घेऊ नये. माती तपासून घ्यावी, किंवा विश्वासाच्या मातीने भरलेल्या कुंड्यांत लावावे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली औषधी वनस्पतींची लागवड व संग्रह यांविषयी जे मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले, त्यांतही योग्य ओळख व निर्दोष जमीन या दोन गोष्टींवर भर आहे.

तेव्हा अशा वर्गांचे स्वरूप काय असावे? आमच्या मते पावसाळ्याच्या चार महिन्यांत दर पंधरवड्यास एकदा, गावातील देवळाच्या सभामंडपात अथवा शाळेत, वर्ग भरवावा. शिकविण्यासाठी एका बाजूस वनस्पतिशास्त्राचा अध्यापक व आयुर्वेदाचा वैद्य असावा. दुसऱ्या बाजूस गावच्या जाणत्या बाया व डोंगरपायथ्याचे आदिवासी असावेत, आणि त्यांस पहिल्या दोघांइतकेच मानधन द्यावे. पहिल्या वर्षी एकही काढा शिकवू नये. प्रत्येकाने वीस वनस्पती पान, फूल, फळ व गंध यांवरून ओळखाव्या. प्रत्येकीचे आगरी बोलीतील, मराठीतील व शास्त्रीय नाव लिहावे. आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी कोणती, हेही लिहावे. संशय राहिल्यास नमुना वाळवून मुंबईच्या झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर संग्रहालयातील नमुन्यांशी ताडून पाहावा. छायाचित्रावरून नाव सांगणारी भ्रमणध्वनीवरील साधने हल्ली सर्वांच्या हाती आहेत. ती शोधास उपयोगी आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर काही पोटात घालणे हे साहस होय. २००२ सालच्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची जबाबदारी टाकलेली आहे. वर्गातील वह्या त्या नोंदवहीस जोडाव्या, म्हणजे सांगणाऱ्या बाईचे नाव तिच्या ज्ञानापुढे लिहिले जाईल आणि अँतोनियेसारखी तिची गत होणार नाही.

दुसऱ्या वर्षी लागवड, आणि तिसऱ्या वर्षी औषध, तेही मर्यादेने. अडुळसा, गवती चहा, पानओवा यांच्यापलीकडे गृहवैद्यकाने जाऊ नये, आणि अडुळसादेखील गर्भवतीस वैद्याच्या सल्ल्यावाचून देऊ नये. कोणता ताप घरी ठेवावा व कोणता तत्काळ रुग्णालयात न्यावा, हे ज्या वर्गात शिकवीत नाहीत, त्या वर्गाने औषधाचे नाव काढू नये.

यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. डॉक्टर म्हणतील, याने भोंदूपणास ऊत येईल. काही वैद्य म्हणतील, शास्त्र सामान्यांच्या हाती दिल्याने त्याचा अवमान होईल. दोघांसही आमचे उत्तर एकच आहे. लोक झाडपाला आजही घेत आहेत, आणि डोळे मिटून घेत आहेत. ते घेणे बंद करण्याचे सामर्थ्य दोघांपैकी कोणातही नाही. डोळे उघडण्याचे सामर्थ्य मात्र दोघांतही आहे. भोंदूची दुकानदारी अज्ञानावर चालते. ज्या गावात दहा घरांतील मुलींस कळलावी व गुळवेल यांतील भेद कळतो, तेथे त्याची मुळी विकली जाणार नाही.

घणसोली हे स्वातंत्र्यसैनिकांचे गाव म्हणून ठाणे जिल्ह्यात नावाजलेले आहे. प्रस्तुत कार्यास तसा त्याग नको. एक सभामंडप, काही कुंड्या, थोडे मानधन आणि चार महिन्यांचे सातत्य एवढेच पुरे आहे. गावच्या तरुण मंडळांनी व व्यापाऱ्यांनी हा भार उचलावा, महानगरपालिकेने जागा व माती-तपासणी यांची सोय करावी, आणि येत्या पावसाळ्यापूर्वी पहिल्या वर्गाचा दिवस ठरवावा. टाकळा दरवर्षी उगवेलच. तो ओळखणाऱ्या बाया आज आहेत, तोवर त्यांच्यापाशी बसून घ्यावे.